पहिल्या जागेवर

मनगट सुटलं याचं त्याला काहीच वाटलं नाही. ते सुटायचंच होतं. मॉलच्या सरकत्या जिन्यावरून तो खाली येत होता, पुढे प्रसिद्धीवाली मुलगी फोनवर कुणाला तरी “आलोच, आलोच” सांगत होती, आणि जमिनीला पाय लागतो न लागतो तोच मागून एकानं त्याचं उजवं मनगट घट्ट धरलं. “ओ फौलाद!” माणूस ओरडला. त्याच्या दुसऱ्या हातात पडद्यांच्या कापडाची फुगलेली पिशवी होती आणि मागे बायको ‘अहो, सोडा हो त्यांना’ अशा चेहऱ्यानं उभी होती. पण हे सगळं नंतर दिसलं. आधी कोपर वाकलं, मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलं, कुठल्याही पकडीत अंगठा आणि बोटांच्या मधे जी फट राहते तिच्यातून हात साबणाच्या वडीसारखा निसटला आणि डावा पाय एक पाऊल मागे गेला. हे त्याला न विचारता झालं, आणि त्यात गैर काही नव्हतं. उभा जन्म तो हेच शिकवत आला होता. गैर झालं ते त्यानंतर. सुटलेला हात पुन्हा पुढे गेला. मूठ सैल, मनगट वर, त्या परक्या माणसाच्या छातीसमोर जाऊन तो हात थांबला आणि कुणीतरी धरायची वाट पाहत राहिला. माणूस क्षणभर गोंधळला. मग त्यानं पिशवी खाली टाकली, दोन्ही हातांनी तो हात धरून गदागदा हलवला आणि बायकोला म्हणाला, “बघितलंस? एवढा मोठा नट, पण स्वतःहून हात पुढे केला!” फोटो निघाला. फोटोत तो हसत होता.

स्वतःहून हात पुढे केला. हे शब्द त्यानं आधी ऐकले होते, याच क्रमानं, फक्त ‘तिनं’ हा शब्द आधी होता. तळघरातल्या पार्किंगचा पहारेकरी, टोपी काढून हातात धरलेली, अवघडून म्हणाला होता, “ती सुटली होती साहेब. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होतो, उठून धावणारच होतो. पण मग तिनं स्वतःहून हात पुढे केला. मला वाटलं, ओळखीतलं काही असेल.” त्या माणसाचा राग कुणाला करता आला नव्हता. त्यानं पाहिलं ते सांगितलं. प्रसिद्धीवाली मुलगी म्हणत होती, “सर, चला ना, मेकअप बाकी आहे,” आणि तो तिच्या मागून चालत होता, पण उजवा हात त्यानं पँटच्या खिशात घातला होता आणि खिशातल्या खिशात तो मुठीत आवळून धरला होता, भर बाजारात मूल हातातून सुटू नये म्हणून आई धरते तसा.

रंगमंचामागे त्यांनी एक खोली दिली होती. मुळात ती सफाईचं सामान ठेवायची जागा असावी. कोपऱ्यात झाडू उभे होते आणि आरसा मात्र नवा कोरा, भोवती दिवे लावलेला. भिंतीला टेकवून त्याचीच मोठी पाटी ठेवली होती, अजून बाहेर न्यायची राहिलेली. पाटीवर तो उघड्या अंगानं उभा होता, पोटावर स्नायूंचे चिरे पडलेले, आणि वर लिहिलं होतं, ‘तुमचं रक्षण तुमच्या हाती’. त्या चिऱ्यांपैकी निम्मे त्याचे होते आणि निम्मे संगणकावर काम करणाऱ्या कुणा भल्या माणसाचे. गुडघे आता जिना चढताना बोलायला लागले होते, सकाळी उठल्यावर पाठ सरळ व्हायला अर्धा तास घ्यायची, पण शाळा-कॉलेजांतून त्याला बोलावणी येत, तो जाई, आणि मुलींना सांगे की तब्येत ही आईबापांनी दिलेली पहिली मालमत्ता आहे, ती सांभाळा. हे तो मनापासून सांगे. सिनेमातलं त्याचं काम त्याहून सोपं होतं. तो मार खात असे. पडद्यावर नायकाच्या हातून मार खाणारा माणूस दिसायला भक्कम लागतो, नाहीतर नायकाची मर्दुमकी ती काय राहिली. म्हणून त्याचं नाव फौलाद पडलं आणि तेच चिकटलं. फौलाद काचेतून पडायचा, जिन्यावरून गडगडायचा, आणि पडून डोळे मिटले की फाइट मास्तर ओरडायचा, “छान! पहिल्या जागेवर!” की लगेच उठायचं, कपडे झटकायचे, आणि जिथून सुरुवात केली त्या खुणेवर जाऊन उभं राहायचं, त्याच ठोशासाठी. एकदा लागून संपलं असं त्याच्या आयुष्यात कधी झालंच नव्हतं. दाराला बोट चेमटलं तरी पुढच्या वेळेला कसं ओरडायचं हा विचार आधी मनात यायचा. हे तो चारचौघांत विनोद म्हणून सांगायचा आणि लोक हसायचे.

मेकअपवाल्यानं कपाळावर स्पंज टेकवला तेव्हा त्यानं डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर त्याचा स्वसंरक्षणाचा वर्ग दिसला. रंगाच्या दुकानाच्या वरचा लांबट हॉल, कायम टर्पेंटाइनचा वास, निळ्या चटया आणि त्यांच्या कडेनं लाल पट्टी. पट्टीच्या बाहेर पाय टाकायचा नाही, हा पहिला नियम, कारण बाहेर फरशी होती आणि डोकं फुटलं असतं. बिट्टी, त्याच्या ताईची मुलगी, पहिल्यांदा तिथे आली तेव्हा लाल पट्टीवर तोल सांभाळत चालत होती. एवढीशी होती, दात पडलेले. ताई म्हणाली होती, “शिकव रे हिला काहीतरी. दिवस वाईट आहेत.” त्यानं शिकवलं. दुसऱ्या कुणाला शिकवलं नाही इतकं शिकवलं. पुढे पुढे कार्यक्रमांत त्याच्या समोर तीच उभी राहायची. तो राक्षसासारखा मागून यायचा, ती त्याला धोपटायची, आणि लोक त्याच्यापेक्षा तिलाच टाळ्या वाजवायचे. “डोक्यानं करायचं नाही,” तो तिला सांगायचा. “डोकं उशीर करतं. हे अंगवळणी पडलं पाहिजे.” पडलं. मनगट पुढे कर, मी धरतो, सोडव, मागे हो. छान! पहिल्या जागेवर! फाइट मास्तरची ती आरोळी त्यानं सेटवरून वर्गात कधी आणली ते त्याला आठवत नव्हतं. मुलांना ती आवडायची, सिनेमासारखी वाटायची. आरोळी झाली की सगळा हॉल एकदम खुणेवर यायचा आणि सगळी मनगटं एकदम पुढे व्हायची, पुन्हा धरण्यासाठी. शिस्त बघून पालक खूश व्हायचे. त्यालाही ते दृश्य फार सुंदर वाटायचं.

“सर, डोळे उघडा,” मेकअपवाला म्हणाला. “पाणी का येतंय?”

“काजळ गेलं असेल.”

“काजळ लावलंच नाही अजून.”

तळघरातलं ते चित्रण पोलिसांनी त्याला दाखवलं होतं, कारण तो जाणकार. त्याच्यामागे ताई उभी होती, पदर तोंडाला लावून. आवाज नव्हता. बिट्टी ऑफिस सुटल्यावर आपल्या स्कूटरकडे चालली होती, एक माणूस दोन गाड्यांच्या मधून निघाला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. आणि ती सुटली. इतकी स्वच्छ सुटली, कोपर, मनगट, डावा पाय मागे, की त्या भयंकर क्षणी त्याच्या छातीत अभिमानासारखं काहीतरी उमललं, ‘वा, पोरी’ असे शब्दही ओठांवर आले असतील. मग पडद्यावरची बिट्टी जागेवर उभी राहिली. माणूसही थबकला होता. त्यालाही हे अपेक्षित नव्हतं. तिच्या मागे बाहेर जायचा उतार होता, उतारावर उजेड होता. आणि तिनं हात पुढे केला. माणसानं तो धरला, पिरगाळला आणि तिला गाडीत कोंबलं. बऱ्याच अंतरावर, एका बंद गोदामासमोर, ती लोकांना सापडली. मनगट मोडलं होतं, आणि काय काय झालं होतं ते डॉक्टरीणबाईंनी ताईला एकटीला आत घेऊन सांगितलं. माणूस सापडला नाही. सापडावा म्हणून फार कुणी धडपडलंही नाही, कारण चौकशी करणाऱ्यानं ते चित्रण दोनदा पाहून खुर्ची मागे ढकलली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, “मुलीची ओळख होती का हो कुणाशी?” तेव्हा तो, तिचा मामा, तिचा गुरू, ताडकन उठून काही बोलला नाही. त्याच्या मनातही तेच आलं होतं. ओळख असेल. हा विचार त्याच्या मनात येऊन गेला हे कुणाला कळलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ताईच्या घरी गेला की तो बिट्टीच्या नजरेला नजर देत नसे.

नातेवाइकांनी थोडे दिवस हळहळ व्यक्त केली आणि मग म्हण काढली, हात दाखवून अवलक्षण. म्हण जुनी, पण इतकी तंतोतंत बसली की ज्यानं ती पहिल्यांदा वापरली त्याला मनातून बरं वाटलं असणार. पुढे एकदा ती ताईच्याच तोंडून निघाली. भांडण वेगळंच होतं, बिट्टी जेवत नाही यावरून, ताई रडकुंडीला येऊन म्हणाली, “मी काय करू? हात दाखवून अवलक्षण तूच केलंस ना?” बिट्टी आता घरीच असे, काहीतरी टाइप करून देई. बसताना उजवा हात मांडीखाली दाबून बसे. चहासुद्धा डाव्या हातानं पिई. ताईला वाटे, दुखतो म्हणून. एका दुपारी ताई बाहेर गेली असताना तिनं त्याला विचारलं होतं, “मामा, मी असं का केलं?” तो वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला होता, “घाबरल्यावर माणूस काहीही करतो बेटा.” “मी घाबरले नव्हते,” ती म्हणाली. “तेच तर. मला काहीच वाटत नव्हतं. मला वाटलं, झालं. छान झालं.” त्यानं घडी आणखी बारीक केली होती. छान झालं हे शब्द त्यानं तेव्हा नीट ऐकले असते तर, असं आता वाटत होतं, पण तेव्हा त्याला फक्त तिथून निघायचं होतं.

बाहेर निवेदिका त्याचं नाव घेऊ लागली होती. तो मंचावर गेला, शिट्ट्या झाल्या, संगीत लागलं. मंचावर निळ्या चटया होत्या आणि आयोजकांनी हौसेनं कडेला लाल पट्टीही लावली होती, त्याच्याच व्हिडिओत पाहून. मॉलच्या मधल्या चौकाभोवती वरच्या मजल्यांवर कठड्याला रेलून माणसं उभी होती. खाली शाळेच्या गणवेशातल्या मुलींच्या रांगा. पाठ केलेलं तो बोलला. रोज चाला, साखर कमी करा, भीतीला घरात घेऊ नका. मग एक मुलगी वर आली, दोन वेण्या, दातांना तारा, मैत्रिणींकडे बघून हसू आवरत. त्यानं तिला पकडीतली फट दाखवली. ती हुशार होती. दोन-तीनदा चुकली आणि मग एकदम तिला ते सापडलं. हात सुटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मुलीनं, कुणी न सांगता, कारण एवढ्यात तिलाही हा खेळ कळला होता, एक पाऊल मागे घेतलं, मग पुन्हा खुणेवर येऊन मनगट पुढे केलं. तिच्या चेहऱ्यावर फार गोड आज्ञाधारकपणा होता. त्या चेहऱ्याची त्याला मनस्वी भीती वाटली.

“पळ,” तो म्हणाला.

“काय, सर?”

“सुटलीस ना? मग पळ.”

मुलीनं चटईच्या चारी बाजूंना पाहिलं. “कुठे पळू, सर?” तिनं खरंच विचारलं. “पट्टी आहे ना.” माइकमधून ते सगळीकडे ऐकू गेलं आणि सगळा मॉल हसला. लोकांना वाटलं, ठरवून केलेला विनोद आहे. तो रांगांकडे वळला, “हात सुटला की थांबायचं नाही. परत यायचं नाही. मी बोलावलं तरी यायचं नाही,” असं काहीतरी म्हणत राहिला, आवाज चढत गेला तशा शिट्ट्या वाढत गेल्या, कारण फौलाद चिडला की लोकांना नेहमीच मजा वाटे. प्रसिद्धीवाली मुलगी खालून हातवारे करत होती. त्यानं माइक चटईवर ठेवला, लाल पट्टी ओलांडली आणि गर्दीतून सरळ चालत सुटला. मागून ती धापा टाकत आली. “सर, अजून पारितोषिकं आहेत! सर, कंपनीची माणसं बसलीत!” “त्यांना सांग, मला घरी जायचंय,” तो म्हणाला. “आत्ता?” “उशीरच झालाय.”

टॅक्सीत त्याला एकाएकी वेगळीच धास्ती वाटू लागली. हात का पुढे जातो ते आता त्याला माहीत होतं. आणि माहीत झाल्यावर बिट्टीला दाखवायला तो मुद्दाम पुढे केला तर ते नाटक होईल. नट म्हणून तो कधीच फारसा बरा नव्हता, आणि बिट्टीला त्याचं नाटक लहानपणापासून ओळखता यायचं. हात आपणहून गेला तरच खरं. नाही गेला तर? जे इतकी वर्षं अंगात मुरलं ते नेमकं आज, समजल्यामुळे, निघून गेलं असेल तर? आयुष्यात पहिल्यांदाच आपली वाईट सवय सुटू नये म्हणून तो देवाची करुणा भाकत होता. चालकानं आरशातून त्याला ओळखलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, पण चेहरा बघून रेडिओच लावला.

दार ताईनं उघडलं. अंगावर चमकीचा पोशाख, चेहऱ्याला रंग, असा भाऊ दारात बघून ती म्हणाली, “अरे, कार्यक्रम होता ना? काय झालं?” तो उत्तर न देता आत गेला. बिट्टी खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती, समोर बंद लॅपटॉप, उजवा हात मांडीखाली. बाहेर ऊन उतरलं होतं.

“ऊठ,” तो म्हणाला. “माझं मनगट धर.”

“नको, मामा.”

“एकदाच. डाव्यानं धर. बेटा, एकदाच.”

“आता हे काय नवीन?” ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, हातात तसंच पातेलं. “ती विसरू बघतेय, आणि तू—”

पण बिट्टी उठली होती. त्याच्या आवाजात तिला काय ऐकू आलं कोण जाणे. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, आधी हलकेच, मग त्यानं शिकवलं होतं तसं पक्कं. नाटक होऊ नये म्हणून त्यानं मनाशी ठरवलं, हात पुढे जाऊ द्यायचा नाही. सगळं बळ लावून अडवायचं. कोपर वाकलं, मनगट वळलं, हात सुटला, डावा पाय मागे गेला. तो दात आवळून उभा राहिला, खांदा ताठ केला, आणि हात निघालाच. कुणीतरी दोरी बांधून ओढावा तसा निघाला, आणि तिच्यासमोर जाऊन थांबला. सैल मूठ, मनगट वर. बिट्टी त्या हाताकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

“पुन्हा,” ती म्हणाली.

पुन्हा तसंच झालं. “आवरत नाही गं,” तो म्हणाला. “मी आवरतोय, तरी आवरत नाही. आज जिन्याखाली एका माणसानं धरलं, त्यालाही असाच दिला. तू कुणाला ओळखत नव्हतीस. तू काहीच केलं नाहीस. तू धडा पुरा केलास. मी तेवढाच शिकवला होता, सुटेपर्यंतचा.” आणि मग त्याला तेही सांगावंसं वाटलं, की मलासुद्धा तुझी शंका आली होती, पण बिट्टी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

ताईनं पातेलं कुठेतरी टेकवलं. ते नीट टेकलं नाही, घरंगळत खाली गेलं आणि गोल फिरून वाजत राहिलं. ती पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. अंधारात पायरी चाचपून बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता. तिनं मुलीचा उजवा हात, जो इतके महिने कुणी पाहिला नव्हता, मनगटावर जिथे हाड वेडंवाकडं जुळलं होतं तिथेच धरला, आणि घट्ट धरला. “आई, दुखतंय,” बिट्टी म्हणाली. ताईनं सोडला नाही. तिला कळायला हवं होतं. मग तो ताठरलेला सांधा अर्धाच वळला, तरी फट सापडली, हात सुटला, बिट्टीचा डावा पाय मागे गेला. आणि तिघांच्या देखत, हळू, चुकलेल्या मुलासारखा, तो हात आईच्या समोर परत आला आणि थांबला.

“अगं बाई,” ताई म्हणाली. “अगं माझे बाई.” ती खाली बसली, जमिनीवरच, आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. बिट्टीनं हात मागे घेतला नाही. ती स्वतःच त्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. तिनं मान वर करून मामाकडे पाहिलं, लहानपणी हॉलमध्ये बघायची तसं, जमलं का विचारल्यासारखं. त्याला भरून आलं. तिला सांगायला त्याच्याकडे आता एकच शब्द होता, टॅक्सीभर त्यानं तोच घोकला होता, पळ. त्यानं तोंड उघडलं.

“छान,” तो म्हणाला. आणि पुढचे दोन शब्द बाहेर पडायच्या आत त्यानं आपलं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं.